उक्तं काम आणि अर्धं घर

(श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर येथे बचतगटांतील बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो,

आज बोलायचं आहे ते घराच्या दुरुस्तीबद्दल. काहीजणींना वाटेल, हा काय आपल्या बैठकीचा विषय झाला? हुंडा, मारहाण, पोटगी यांवर आपण बोलतो. ठेकेदार काम टाकून गेला यावर बाईमाणसानं काय बोलायचं? ते पुरुषांचं, व्यवहाराचं काम. पण घर उघडं पडलं की त्यात राहतं कोण ते बघा. संडास पाडला आणि नवा उठला नाही, तर पहाटे अंधारात कोणाला बाहेर जावं लागतं? माळवद उतरवलं, स्लॅब पडला नाही, तर पावसात चुलीवर प्लास्टिक धरून भाकरी कोण थापतं? आणि गटाचं कर्ज ज्या घरासाठी काढलं त्याचा हप्ता दर महिन्याला कोण भरतं? म्हणून हा विषय आपलाच आहे.

आपल्या भागात हे कसं घडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ऊसबिल येतं, गटाचं कर्ज मिळतं, दोन्ही मिळून घराला हात घालायचं ठरतं. ठेकेदार ओळखीचा असतो, पुष्कळदा भावकीतला. काम उक्तं द्यायचं ठरतं. पहिली उचल भिंत पाडायच्या आधीच जाते. पाडकाम झपाट्यानं होतं, कारण पाडायला वेळ लागत नाही. मग तो म्हणतो, वाळू महागली, अजून द्या. तुम्ही देता. मग गळिताचा हंगाम सुरू होतो, मजूर तोडीला जातात, ठेकेदाराला दुसरीकडे मोठं काम लागतं आणि त्याचा फोन लागेनासा होतो. घरधनी दोनदा जाऊन येतात, 'येतो म्हणालाय' असं सांगतात. सहा महिने असेच जातात.

आणि एक गोष्ट. बाईनं विचारायला गेलं की ठेकेदार म्हणतो, 'मालकांना पाठवा.' विधवा असेल, टाकलेली असेल, एकटी असेल तर तिनं कुठले मालक पाठवायचे? घर तिच्या नावावर असलं तरी तिचं बोलणं तो मोजत नाही. म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की कायदा तिला मोजतो.

ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे नुसता पैसे मोजणारा नव्हे. त्यानं घेतलेल्या सेवेचा त्याच्या संमतीनं जो लाभ घेतो तोही ग्राहक. बोलणी नवऱ्यानं केली, पैसे सासऱ्यांनी दिले, पण त्या घरात राहणारी तुम्ही आहात, तर तुम्हालाही तक्रार करता येते. घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव नसलं तरी येते. उताऱ्यावर नाव लावून घ्यावं हे मात्र मी आजही सांगेन. ग्रामविकास खात्यानं २००३ मध्येच पतिपत्नी दोघांच्या नावे घराची नोंद करण्याबाबत परिपत्रक काढलं होतं, आणि अजूनही किती घरांत ती झालेली नाही ते तुम्हीच बघा. इथं आता महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत आहे. तिथं जाऊन उतारा एकदा डोळ्यांखालून घालाच.

घराचं बांधकाम ग्राहक कायद्यात बसतं की नाही, यावर पूर्वी वाद होता. १९८६ च्या मूळ कायद्यात सेवेच्या व्याख्येत बँक, विमा, वाहतूक, वीज असं सगळं होतं, घरबांधणीचा शब्द नव्हता. १९९३ च्या दुरुस्तीत तो घातला गेला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सांगितलं की घर बांधून देणं ही सेवाच आहे आणि त्यातली कसूर ग्राहक मंचापुढं नेता येते. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यातही घरबांधणी आहे. मंचाला आता जिल्हा आयोग म्हणतात. आपला सोलापूरला आहे.

इथं एक फरक नीट समजून घ्या. काम उक्तं दिलं, म्हणजे 'एवढं काम एवढ्या रकमेत करून देतो' असं त्यानं अंगावर घेतलं, तर ती सेवा झाली. पण तुम्ही गवंडी आणि दोन बिगारी रोजंदारीनं लावलेत, काय करायचं ते तुम्हीच रोज सांगता, संध्याकाळी हजेरी देता, तर तो तुमच्याकडचा मजूर झाला आणि ग्राहक आयोगाचा रस्ता बहुतेक बंद होतो. तशा कामात उचल देऊन माणूस गेला तर दिवाणी कोर्टच उरतं.

दुसरं एक नाव हल्ली सारखं ऐकू येतं, ते म्हणजे महारेरा. पुण्यामुंबईची पाहुणी येते आणि सांगते, रेरात जा. तो कायदा विक्रीसाठी फ्लॅट बांधणाऱ्या बिल्डरांसाठी आहे. तुमच्या राहत्या घराच्या दुरुस्तीचं काम त्यात येत नाही. उगाच हेलपाटे घालू नका.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: 'ताई, कागदच नाही. सगळं तोंडी ठरलं.' तोंडी करारही करारच असतो. १८७२ चा करार कायदा कागदाची सक्ती करत नाही. अडचण असते ती पुराव्याची. आणि पुरावा तुमच्याकडे असतो, फक्त त्याला पुरावा म्हणायची सवय आपल्याला नाही. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, बँकेतून काढलेली रक्कम, गटाच्या इतिवृत्तात 'घर दुरुस्तीसाठी कर्ज' अशी झालेली नोंद, सिमेंटच्या दुकानाचं बिल, ठेकेदारानं सिगारेटच्या पाकिटावर मांडून दिलेला हिशोब, व्हॉट्सॲपवरचं 'सोमवारी माणसं पाठवतो'. हे सगळं कामाचं आहे. फोन बदलताना जुना विकू नका. कोर्टात असे संदेश दाखल करताना २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात. पण मूळ संदेशच पुसला गेला तर प्रमाणपत्र कशाचं देणार?

आणि सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही स्वतः. भिंतीवर पाणी कोण मारत होतं? माणसांना चहा कोण देत होतं? किती माणसं आली, कोणत्या दिवशी आली नाहीत, किती गोण्या उतरल्या, किती उघडल्या, हे घरातल्या बाईइतकं कोणालाच माहीत नसतं. ते वहीत तारखेनं लिहा. तुमच्यासारखीच दुसरी एक बाई त्या कामावर असते, ती म्हणजे पाट्या टाकणारी बिगारीण. ठेकेदार पळतो तेव्हा तिचीही मजुरी बुडते. तिच्यावर राग काढू नका. ती तुमची साक्षीदार होऊ शकते आणि तिच्या मजुरीसाठी तुम्ही तिच्या साक्षीदार होऊ शकता.

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. शेजारच्या लातूर-उस्मानाबादमध्ये (आताचं धाराशिव) ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर जी घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, त्यांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम सरकारनं घेतला. त्यात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. शाळा अर्धवट सोडलेल्या बायका इंजिनिअरशी आणि गवंड्याशी बोलायला, मोजमाप समजून घ्यायला शिकल्या. पट्टी कुठं घालायची, सिमेंटचं प्रमाण काय, हे त्या विचारायला लागल्या. घराच्या कामावर बाईनं देखरेख करणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आपल्याच शेजारी घडून गेलेली आहे.

आता ठेकेदार गेला आहे असं धरू. पहिल्या आठवड्यात काय करायचं?

कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, कामाशेजारी टेप किंवा काठी धरून. मग एखाद्या खासगी इंजिनिअरला बोलावून झालेल्या कामाचं मोजमाप करून घ्या: किती काम झालं, त्याची किंमत काय, जे झालं ते बरं झालं की तोडावं लागेल. सहीशिक्क्याचा अहवाल घ्या. चार पैसे जातील, पण पुढं सगळं त्यावरच उभं राहतं. शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन परिस्थिती लिहून ठेवा. पाऊस असेल तर ताडपत्री, पत्रे जे काय लावायचं ते लावा आणि त्याची पावती जपून ठेवा. घर उघडं ठेवून दोन वर्षं भिजू दिलं आणि नंतर सगळं नुकसान त्याच्याकडून मागितलं, तर चालत नाही. नुकसान वाढू न देणं हे आपलंही काम आहे असं करार कायदा धरतो.

एक करू नका. त्याच्या सेंट्रिंगच्या फळ्या, मिक्सर अडकवून ठेवू नका. राग येतो, मला कळतं. पण मग तोच पोलिसांत जातो आणि तुम्ही आरोपी होता. सामान न्यायला आला तर यादी करून, त्याची सही घेऊन न्यायला द्या. सहीच्या कागदावर तारीख असेल, तर काम सोडल्याची तारीखही त्याच्याच सहीनं पक्की व्हायला मदत होते.

मग नोटीस. ही नोटीस वकिलाकडूनच गेली पाहिजे असं नाही. पण ती तीस दिवसांची हवी, आणि त्याचं कारण लक्षात ठेवा. विशिष्ट अनुतोष कायदा म्हणून १९६३ चा एक कायदा आहे. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन नवं कलम २० आलं, ते १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. ठरलेलं काम समोरच्यानं केलं नाही, तर त्याला किमान तीस दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्या मुदतीतही त्यानं केलं नाही, तर दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि तो खर्च पहिल्याकडून वसूल करायचा. माझ्या मते आपल्यासारख्यांना सगळ्यात उपयोगी कलम हेच आहे आणि सगळ्यात कमी माहीतही हेच आहे. कारण आपल्याला निकालाइतकंच डोक्यावर छप्पर हवं असतं, आणि निकालाची वाट बघत घर तसंच ठेवायची गरज या कलमानं उरत नाही. दोन अटी आहेत. काम खरोखर करून घेतलेलं पाहिजे. नुसत्या अंदाजपत्रकावर या कलमाखाली खर्च मिळत नाही. आणि एकदा हा रस्ता धरला की 'त्याच ठेकेदारानं काम करून द्यावं' अशी मागणी नंतर करता येत नाही. नुकसानभरपाई मात्र वेगळी मागता येते.

मागायचं किती, यात पुष्कळजणी चुकतात. समजा काम ३,६०,००० रुपयांना ठरलं. तुम्ही २,४०,००० दिले आणि तो गेला. दुसऱ्या मिस्त्रीनं उरलेलं काम २,६०,००० ला केलं. एक बाई म्हणते, माझे २,४०,००० परत पाहिजेत. पण झालेल्या भिंती तर तिच्याकडेच आहेत. दुसरी म्हणते, २,६०,००० पाहिजेत. पण त्यातले १,२०,००० तिला मूळ करारातही द्यायचेच होते. तेव्हा एकूण खर्च ५,००,०००, त्यातून ठरलेले ३,६०,००० वजा, तोटा १,४०,००० रुपयांचा. यात इंजिनिअरचे पैसे, ताडपत्री, मधल्या काळातलं भाडं हे पावत्यांनिशी मिळवा. त्याशिवाय व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च ग्राहक आयोगापुढं मागता येतो. फुगवून मागितलं की सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो.

जिल्हा आयोगात ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या कामाच्या तक्रारी चालतात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. वकील लागतोच असं नाही. ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ही सोय २०१९ च्या कायद्यानं दिली. तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल होते, आणि अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते, म्हणजे प्रत्येक तारखेला सोलापूरची एसटी धरायला नको. ठेकेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. त्यापुढं मुदत वाढत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय, पण त्या भरवशावर मुलीच्या लग्नाची तारीख काढू नका. निकाल लागूनही त्यानं पैसे दिले नाहीत, तर त्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या तरतुदीमुळं पुष्कळजण कैदेच्या भीतीनं पैसे आणून देतात.

मुदत मात्र विसरू नका. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं, दिवाणी दाव्यासाठी तीन वर्षं. 'दिवाळीनंतर करतो', 'हंगाम संपू द्या' या तोंडी आश्वासनांनी मुदत वाढत नाही. गावात पंच बसवायला माझी हरकत नाही, कधी कधी त्यातून लवकर मिटतं. पण जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून, तारखेनं, सहीनिशी. आणि त्या बैठकीत तुम्ही स्वतः बसा. ओट्यावरून ऐकू नका.

त्यानं मिटवण्यासाठी चेक दिला आणि तो वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी कोर्टात तक्रार. हा धागा एका ठिकाणी तुटला तरी केस जाते, म्हणून मेमोवरची तारीख आधी वाचा.

पोलिसांत जायचं का? पोलीस म्हणतात, 'हा दिवाणी मामला आहे.' मैत्रिणींनो, पुष्कळदा ते बरोबर असतं. काम अर्धं टाकलं म्हणजे फसवणूक झालीच असं नाही. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. एकाच महिन्यात पाच घरांतून उचल घेतली आणि एकाही ठिकाणी वीट लावली नाही, खोटा पत्ता दिला, दुसऱ्याचं लायसन्स दाखवलं, तर इरादा दिसतो. मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू शकतं. जुनं ४२० म्हणजे हेच. तुमच्या पैशानं आणलेलं सिमेंट-सळई त्यानं उचलून दुसऱ्या कामावर नेली, तर विश्वासघाताचं कलम ३१६. म्हणून अशा पाच घरांतल्या पाचजणींनी एकत्र जावं. एकटीची तक्रार भांडण वाटते, पाचजणींची तशी वाटत नाही.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्यात बाईला मोफत वकील मिळतो, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. दाखला मागितला तर कलम १२ दाखवा. माळशिरसच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं साधा अर्ज करायचा. दावा लावण्याआधीच लोकअदालतीत ठेवा असंही म्हणता येतं. तिथं तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते. पण त्यावर अपील नाही, तेव्हा सही करण्याआधी आकडा दोनदा वाचा. फोनवर विचारायचं असेल तर विधी सेवेचा क्रमांक १५१००, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५.

जाता जाता एक. काही ठेकेदार धंदा बायकोच्या नावावर ठेवतात. तिला ना काम माहीत, ना पैसा दिसलेला. नोटीस तिच्या नावानं निघते आणि तोंड लपवायची वेळ तिच्यावर येते. तिथं नोटिशीत व्यवहार केलेल्या पुरुषाचंही नाव घाला, त्याला मोकळं सोडू नका. आणि आपल्यातल्या कोणाच्या नावावर असा धंदा असेल तर कोऱ्या कागदावर सह्या करणं आजपासून बंद.

ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांनी दोन पानं लिहून घ्या. किती ब्रास, कोणतं सिमेंट, कोणती सळई, माल कोणाचा, सुरुवात कधी, शेवट कधी. उचल थोडी, बाकीचे पैसे टप्प्यानं: पाया झाला की एवढे, स्लॅब पडून पाणी मारून झालं की एवढे, गिलाव्यानंतर एवढे, आणि शेवटचा हप्ता फरशी बसून नळाला पाणी आल्यावर. पैसा कामाच्या मागं चालला पाहिजे. शंभराच्या स्टॅम्पचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले, आता पाचशेचा लागतो. स्टॅम्प राहिला म्हणून करार रद्द होत नाही, दंड भरून तो पुराव्यात घेता येतो. सही दोघांची घ्या, म्हणजे नवऱ्याबरोबर तुमचीही.

आता वह्या काढा, नोटीस सांगते.

'श्री. अमुक, राहणार अमुक यांस. तुम्ही दिनांक अमुक रोजी माझ्या श्रीपूर येथील घराच्या दुरुस्तीचं खालील काम एकूण इतक्या रुपयांत करून देण्याचं कबूल केलं. मी तुम्हाला खालील तारखांना एकूण इतके रुपये दिले. दिनांक अमुकपासून तुम्ही काम बंद केलं आहे. झालेल्या कामाचं मोजमाप सोबत जोडलं आहे. ही नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत तुम्ही काम सुरू करून पूर्ण करावं. तसं न केल्यास मी ते दुसऱ्याकडून पूर्ण करून घेईन आणि त्याचा जादा खर्च व नुकसानभरपाई तुमच्याकडून कायदेशीर मार्गानं वसूल करीन.'

खाली तारीख, तुमचं पूर्ण नाव, सही. तीन प्रती करा. पोस्टात आपण रजिस्टर ए.डी. मागायचो, ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. तीच नोटीस त्याच्या व्हॉट्सॲपवरही पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका. तसंच बंद ठेवा आणि कोर्टात बंदच द्या.